वस्तीतील झाडे : निगेचा अग्रक्रम कसा ठरवावा

मे महिन्याचा उत्तरार्ध आला की हिंगोली जिल्ह्यात दुपारनंतर आभाळ भरून येऊ लागते. दिवसभर तापलेल्या काळ्या जमिनीवरून धुळीचे लोट उठतात, विजा चमकतात आणि वळवाच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या पावसात गावोगावी झाडांच्या फांद्या मोडून पडतात. काही झाडे मुळासकट उन्मळतात. रस्ता अडतो, वीज जाते, एखाद्या घरावरचे पत्रे वाकतात. क्वचित प्रसंगी जीवितहानीही होते. दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झाडे तोडण्याबद्दलचे अर्ज येऊ लागतात. ज्या झाडाच्या सावलीत काल माणसे विसावली होती, ते झाड आज एकाएकी सर्वांना धोक्याचे वाटू लागते.

अशा वेळी स्थानिक संस्थेपुढे खरा प्रश्न असतो तो क्रमाचा. झाडे शेकडो, कामगार मोजके, शिडी आणि करवत एखाददुसरी आणि पावसाळ्यापूर्वीचे दिवस थोडे. यातून कोणत्या झाडाकडे आधी जावे? हा क्रम चुकला तर दुहेरी नुकसान होते. पोखरलेले झाड तसेच उभे राहते आणि कोणाच्या तरी आग्रहाखातर चाळीस-पन्नास वर्षांचे निरोगी झाड मात्र आडवे होते. म्हणूनच निगेचा अग्रक्रम ठरविण्याची काही निश्चित, सर्वांना समजेल अशी पद्धत असणे अगत्याचे आहे.

जबाबदारी कोणाची?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके आहेत. यांपैकी हिंगोली, वसमत व कळमनुरी येथे नगरपरिषदा असून औंढा नागनाथ व सेनगाव येथे नगरपंचायती आहेत. उर्वरित गावांचा कारभार ग्रामपंचायती पाहतात. रस्त्याच्या कडेला झाडे लावणे व ती राखणे हे काम नगरपरिषदांच्या कायद्यात, तसेच ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीतही नमूद आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण व पर्यावरणाचे संरक्षण हे विषय नागरी संस्थांच्या कार्यकक्षेतील म्हणून दिले आहेत.

नागरी भागासाठी महत्त्वाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. या अधिनियमाने वृक्ष प्राधिकरण व वृक्ष अधिकारी यांची व्यवस्था केली आहे. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करणे, रोपवाटिका ठेवणे, झाडांचे जतन करणे ही प्राधिकरणाची कर्तव्ये होत. पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी करावयाची असते आणि नागरिकांना हरकत घेता यावी म्हणून जाहीर सूचना द्यावयाची असते. या अधिनियमातील एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. झाड जाळणे, कापणे किंवा त्यास कोणत्याही प्रकारे इजा पोहोचविणे याचाही समावेश ‘झाड तोडणे’ या संज्ञेत होतो. छाटणीच्या नावाखाली झाडाचे नुसते खांड उरविणे हे देखील कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरत नाही.

सन २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचे स्थान दिले आणि तोडलेल्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारले. साठ वर्षांचा कडुनिंब गमावणे म्हणजे काय, याचा हिशेब या तत्त्वामुळे आकड्यांत दिसू लागला. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू असून त्याच्या अनुसूचीतील झाडे तोडण्यास सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. याखेरीज, हिंगोलीवरून जाणाऱ्या अकोला–नांदेड राष्ट्रीय महामार्गासारख्या रस्त्यांकडेची झाडे त्या त्या रस्त्याच्या यंत्रणेच्या अखत्यारीत येतात. यास्तव झाड कोणाच्या हद्दीत आहे हे पाहणे, ही कोणत्याही कामाची पहिली पायरी होय.

तक्रारींचा क्रम आणि धोक्याचा क्रम

व्यवहारात बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम तक्रारींवरून ठरतो. अर्ज आधी आला, त्याचे काम आधी. ज्याचा पाठपुरावा अधिक, त्याचे काम त्याहून आधी. ही रीत वरवर न्याय्य दिसते, परंतु तिच्यात मोठी उणीव आहे. नागरिकाला त्रास कशाचा होतो आणि धोका कशात असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कल्पना करावी की, एकाच आठवड्यात तीन गोष्टी मुख्याधिकाऱ्यांसमोर आल्या. पहिली, एका वसाहतीतील गुलमोहराची पाने व शेंगा अंगणात पडतात, म्हणून तो तोडावा असा अनेकांच्या सह्यांचा अर्ज. दुसरी, एका गल्लीत बदामाच्या फांद्या विजेच्या तारांना टेकल्याचे दूरध्वनीवरून आलेले गाऱ्हाणे. तिसरी गोष्ट तक्रार म्हणून आलेलीच नाही. शाळेच्या फाटकाशी असलेल्या जुन्या शिरीषाच्या बुंध्यावर भूछत्रे उगवली आहेत आणि मागील वर्षी नालीसाठी चर खणताना त्याची एका बाजूची मुळे तुटली आहेत. सह्यांच्या जोरावर पाहिले तर गुलमोहर पहिला येतो. धोक्याच्या दृष्टीने मात्र शिरीष पहिला, बदाम दुसरा आणि गुलमोहर शेवटचा; त्याला तर झाडलोटीखेरीज कशाचीच आवश्यकता नाही.

तक्रारीच्या रीतीत आणखी एक अन्याय दडलेला असतो. अर्ज लिहिणारी, कार्यालयात फेऱ्या घालू शकणारी माणसे ज्या वस्तीत राहतात, तेथील झाडांकडे लक्ष जाते. मजुरांच्या वस्तीतील, आठवडी बाजारातील किंवा गावाबाहेरील शाळेजवळचे झाड कोणाच्याच यादीत येत नाही. म्हणून तक्रार जरूर नोंदवावी, परंतु तिला पाहणीचे निमित्त मानावे. निर्णय पाहणीवरून व्हावा.

तीन प्रश्न

झाडाच्या धोक्याचा विचार करण्याची शास्त्रीय रीत आता जगभर रूढ झाली आहे. झाडाच्या बाह्य लक्षणांवरून त्याच्या अंतर्गत दोषांचे निदान करण्याची पद्धत जर्मनीतील शास्त्रज्ञ क्लाऊस मॅथेक यांनी विकसित केली. वृक्षनिगेचे प्रशिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीही धोक्याचे मूल्यमापन काही मोजक्या प्रश्नांत बसविले आहे. लहान नगरपरिषदेला उपयोगी पडेल अशा स्वरूपात ते प्रश्न पुढीलप्रमाणे मांडता येतील.

पहिला प्रश्न : झाडात किंवा फांदीत दोष किती आहे? दुसरा प्रश्न : ते पडलेच तर खाली काय आहे? तिसरा प्रश्न : पडणारा भाग केवढा आहे? प्रत्येक प्रश्नाला एक ते तीन गुण द्यावेत आणि तिन्हींचा गुणाकार करावा. शिरीषाला दोषाचे तीन, शाळेच्या फाटकाचे तीन आणि आकाराचे तीन असे सत्तावीस गुण होतात. तारांना टेकलेल्या बदामाला दोषाचे दोन, खालच्या वर्दळीचे तीन आणि फांदीच्या आकाराचे एक मिळून सहा गुण होतात. अंगणात पाने गाळणाऱ्या निरोगी गुलमोहराला दोषाचा एक, अंगणाचे दोन आणि गळणाऱ्या काटक्यांचा एक असे दोन गुणच पडतात. विजेच्या तारांचा संबंध असलेले काम, गुण कितीही असोत, वीज यंत्रणेला तत्काळ कळवून आणि प्रवाह बंद करूनच व्हावे, हा नियम मात्र वेगळा पाळावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना स्थानिक परिस्थितीची जाण लागते. माळावर एकट्या उभ्या असलेल्या वाळक्या झाडाखाली कोणी नसते. ते तसेच राहिले तरी पाखरांच्या कामी येते. तेच झाड बसथांब्यावर असेल तर एक दिवसही ठेवणे योग्य नाही. शाळा, अंगणवाडी, दवाखाना, बसस्थानक, आठवडी बाजार येथील झाडांना या प्रश्नात नेहमीच पूर्ण गुण द्यावेत. काही जागांची वर्दळ ऋतुमानाप्रमाणे बदलते. औंढा नागनाथ येथे महाशिवरात्रीला व श्रावणात भाविकांची रीघ लागते, संत नामदेवांच्या नर्सी या गावी वारकरी जमतात, हिंगोलीचा दसरा महोत्सव पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. अशा मार्गांवरील झाडांची पाहणी त्या त्या उत्सवापूर्वी पुन्हा एकदा करणे श्रेयस्कर ठरते.

गुणांवरून कामाचे चार गट पाडता येतात. पहिल्या गटात तातडीची कामे : त्याच दिवशी दोर बांधून जागा बंद करावी, सूचना लावावी व तज्ज्ञास बोलवावे. दुसऱ्या गटातील कामे पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावीत. तिसऱ्या गटातील झाडे प्रभागाच्या नेहमीच्या छाटणीच्या वेळी घ्यावीत. चौथ्या गटातील झाडांना हात लावू नये. केवळ पुढील पाहणीची तारीख लिहून ठेवावी. हा चौथा गट सर्वांत मोठा असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पाहणीत काय पाहावे?

पाहणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. मोजपट्टी, लाकडी हातोडी, नोंदवही आणि पाहणारा डोळा एवढे पुरे असते. झाडाभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून ते मुळापासून शेंड्यापर्यंत पाहावे. बुंध्याशी भूछत्रे उगवली असतील, तर आतील लाकूड कुजत असल्याचे ते लक्षण होय. हातोडीने ठोकल्यावर घुमल्यासारखा आवाज आला तर आत पोकळी असण्याचा संभव असतो. मात्र ढोली दिसली म्हणून झाड तोडलेच पाहिजे असे नाही. बाहेरील लाकडाचा थर पुरेसा जाड असेल तर पोकळ झाडही वर्षानुवर्षे उभे राहते आणि त्या ढोलीत पोपट व पिंगळे नांदतात. वाळलेल्या मोठ्या फांद्या, खोडावरील उभ्या चिरा, दोन सारख्या जाडीच्या फांद्यांमधील चिंचोळी, साल दबलेली बेचकी, आंब्यावर माजलेले बांडगूळ यांची नोंद घ्यावी.

झाड कललेले असणे हा स्वतंत्र दोष नव्हे. लहानपणापासून प्रकाशाकडे झुकून वाढलेले झाड भक्कम असू शकते. नव्याने कललेले झाड मात्र धोक्याचे. कललेल्या दिशेच्या विरुद्ध बाजूस जमीन उचलली गेली आहे काय, भेगा पडल्या आहेत काय, हे पाहावे. हिंगोली जिल्ह्यात या बाबीला विशेष महत्त्व आहे. येथील काळी चिकण जमीन उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगून मऊ होते. जेथे मातीचा थर उथळ असून खाली मुरूम किंवा खडक आहे, तेथे मुळे खोल न जाता आडवी पसरतात. अशा ठिकाणी पहिल्या जोरदार पावसानंतरचा वारा झाडाची खरी परीक्षा पाहतो.

रस्ता, नाली किंवा नळवाहिनी यांच्या कामात मुळे तुटतात आणि त्याचा परिणाम काही वर्षांनी दिसून येतो. यासाठी बांधकाम विभागाने खोदकामाची यादी वृक्ष अधिकाऱ्याकडे आधी पाठवावी. बुंध्यापर्यंत सिमेंटचा थर ओतणे हे झाडाच्या मुळांना गुदमरविणारे आहे. दिल्लीतील एका प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ एप्रिल २०१३ रोजी झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढून टाकण्याचा, तसेच झाडांवरील फलक व तारा हटविण्याचा आदेश दिला होता. आपल्या गावातील वडा-पिंपळाचे जुने दगडी पार मातीने भरलेले असत, त्यांतून पाणी झिरपत असे. नव्या पारांना चोहोबाजूंनी सिमेंटचा गिलावा करताना मुळांसाठी वाट ठेवली पाहिजे.

छाटणी म्हणजे खांडणे नव्हे

अग्रक्रम ठरला तरी काम चुकीच्या पद्धतीने झाले, तर आजचे निरोगी झाड पुढील पाच वर्षांत धोक्याचे बनते. शेंडा सपाट तोडला की त्या जागी पुष्कळ धुमारे फुटतात. ते वेगाने वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते. त्याच वेळी कापलेल्या जागेतून कूज आत शिरते. तारांच्या बाजूच्या सर्व फांद्या उतरविल्या तर झाडाचा तोल दुसऱ्या बाजूस जातो.

अमेरिकी वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या जखमांचा अभ्यास केला. झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड कुजलेला भाग आतल्या आत कोंडून टाकते, असे त्यांनी दाखवून दिले. फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंठ असतो, त्यात ही शक्ती असते. म्हणून फांदी त्या कंठाच्या बाहेरून कापावी; खोडाला घासून कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. जड फांदी तीन कापांत उतरवावी : प्रथम खालून अर्धवट काप, नंतर थोड्या अंतरावर वरून काप आणि शेवटी उरलेल्या खुंटाचा काप. असे केल्याने साल खाली सोलत जात नाही. एका वेळी हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा समजावी. काम सुरू करण्यापूर्वी पाखरांची घरटी आहेत काय, हेही पाहावे. मे-जून हा कावळ्यांच्या विणीचा काळ असतो.

साऱ्या गावाची छाटणी दरवर्षी करण्याची गरज नसते. प्रभागांची पाळी लावून ठराविक वर्षांनी एकदा छाटणी करण्याची पद्धत अनेक शहरांनी स्वीकारली आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरासंबंधी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खर्च व झाडांची स्थिती यांचा मेळ घालता चार ते पाच वर्षांचे चक्र फायदेशीर दिसून आले. आपल्याकडील झाडे व हवामान वेगळे असले, तरी फार लांबविलेली निगा अखेरीस महाग पडते, हा त्यातील बोध येथेही लागू आहे.

लहान झाडांचा वाटा

अग्रक्रमाच्या यादीत एक गट नेहमी विसरला जातो, तो म्हणजे नव्याने लावलेल्या रोपांचा. महाराष्ट्रात १९८२ साली सामाजिक वनीकरण विभाग स्थापन झाला आणि वृक्षलागवड गावोगावी पोहोचली. पुढे २०१६ ते २०१९ या काळात राज्याने अनुक्रमे दोन, चार, तेरा व तेहतीस कोटी रोपांच्या लागवडीची उद्दिष्टे ठेवली. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानातही हरित आच्छादनाला स्थान मिळाले. लागवडीचा उत्साह मोठा आहे. परंतु रोप लावणे हा एका दिवसाचा कार्यक्रम असतो आणि त्याची निगा किमान तीन उन्हाळ्यांची.

मार्च ते जून या काळात आळ्यात पाणी, आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन, जनावरांपासून जाळीचे कुंपण आणि वर्षातून एकदा कोयत्याऐवजी कात्रीने केलेली हलकी छाटणी, एवढी निगा मिळाली तर रोपाचे खोड सरळ वाढते व दुबेळक्या टळतात. बोटाएवढी फांदी कापण्यास एक क्षण लागतो. तीच वीस वर्षांनी कापण्यास शिडी, दोर, चार माणसे आणि वाहतूक बंद ठेवावी लागते. रोप वाढल्यावर जाळीचा गळफास बसू नये म्हणून ती वेळीच काढणेही आवश्यक आहे.

झाडाची निवड योग्य झाली तर पुढील निम्मे काम वाचते. विजेच्या तारांखाली कांचन, पारिजातक अशी लहान चणीची झाडे लावावीत. कडुनिंब, करंज यांना तारांपासून दूर, मोकळी जागा द्यावी. वड, पिंपळ, चिंच यांचे स्थान अरुंद गल्लीत नसून मैदानात, तळ्याकाठी व गावाच्या मोकळ्या जागेत आहे. मूळचा मादागास्करचा गुलमोहर शोभिवंत खरा, परंतु त्याची मुळे उथळ व फांद्या ठिसूळ असल्याने वाहतुकीच्या रस्त्यावर तो लावताना विचार करावा.

नोंदवही आणि वर्षाचे वेळापत्रक

या साऱ्या व्यवस्थेचा आधार म्हणजे झाडांची नोंदवही. झाडाचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरील घेर, ठिकाण, दिसलेले दोष, दिलेले गुण, केलेले काम आणि पुढील पाहणीची तारीख एवढे रकाने पुरेसे आहेत. पाच वर्षांनी करावयाच्या वृक्षगणनेला हीच नोंदवही पाया ठरते. वृक्षतोडीच्या परवानगीची पाहणी, सूचना व हरकती यांना वेळ लागत असल्याने पाहणी डिसेंबर-जानेवारीत, परवानग्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि प्रत्यक्ष काम एप्रिल-मेमध्ये असे वेळापत्रक ठेवल्यास ऐन वादळात धावपळ होत नाही. मोठ्या पावसानंतर पुन्हा एक फेरी घ्यावी. १९७५ च्या अधिनियमात वृक्ष उपकराचीही तरतूद आहे. अंदाजपत्रकात लागवड व निगा यांसाठी वेगवेगळे लेखाशीर्ष ठेवले, तर रोपांवर झालेला खर्च पाण्याअभावी वाया जात नाही.

शिक्षकांना या कामात मोलाचा वाटा उचलता येईल. शाळेच्या परिसरातील झाडांचा घेर मोजणे, जाती ओळखणे, नव्या भेगा किंवा भूछत्रे दिसल्यास कळविणे हा विद्यार्थ्यांसाठी प्रत्यक्ष शिक्षणाचाच भाग होय. पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागातील फेरीत कर्मचाऱ्यांसोबत चालावे आणि तयार झालेली यादी कार्यालयाबाहेर लावावी. आपले झाड यादीत कितवे व का, हे नागरिकाला वाचता आले की आग्रह व नाराजी दोन्ही कमी होतात. ज्याचा अर्ज मागे ठेवला, त्याला कारण सांगता येते. ज्या झाडासाठी कोणीच अर्ज केला नाही, त्याचीही पाळी येते.

मे महिन्यातील वादळ थोपविणे कोणाच्या हाती नाही. ते येण्यापूर्वी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या झाडाभोवती एकदा फिरून येणे मात्र प्रत्येक नगरपरिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या हाती आहे. तेवढे झाले, तर पडावयाचे झाड वेळीच उतरेल आणि राहावयाचे झाड पुढील पिढीलाही सावली देईल.